दर रात्री चार टक्के : बॉम्बर कमांडचा हिशोब

खडूफळा :
शंभर विमानं गेली आणि शहाण्णव परत आली असं ऐकलं तर कुणीही म्हणेल, चला, फार काही बिघडलं नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनच्या बॉम्बर कमांडला, म्हणजे बॉम्बफेकी विमानांच्या दलाला, जर्मनीवरच्या रात्रीच्या हल्ल्यांत साधारण एवढीच किंमत मोजावी लागे. कधी तीन टक्के, कधी पाच, एखाद्या रात्री त्याहून बरीच जास्त. पण त्या विमानांतल्या पोरांना एकदाच जायचं नसे. एक टूर तीस मोहिमांची. ती पुरी झाली की काही महिने नवख्यांना शिकवायचं, आणि मग वीस मोहिमांची दुसरी टूर.

०.९६ चा तिसावा घात काढून बघा. ०.२९ येतो. म्हणजे टूर सुरू करणाऱ्या शंभरांतले एकोणतीस ती पुरी करणार. हानी पाच टक्के धरली तर एकवीस, तीन टक्के धरली तर चाळीस. दोन्ही टूर मिळून पन्नास मोहिमा चार टक्क्यांनी काढल्या तर तेरा. वर्गात चक्रवाढ शिकवताना मी हे उदाहरण देतो. पोरं आधी विश्वास ठेवत नाहीत, मग कॅल्क्युलेटर काढतात.

कागदावरचं गणित आणि प्रत्यक्ष आकडे फार लांब नाहीत. बॉम्बर कमांडमध्ये विमानातून जाणारे सगळे मिळून सुमारे १,२५,००० जण. त्यातले ५५,५७३ मेले. सगळे स्वेच्छेने आलेले, सरासरी वय बाविशीच्या आसपास. कॅनडाचे जवळपास दहा हजार, ऑस्ट्रेलियाचे चार हजारांवर, शिवाय न्यूझीलंडचे, पोलंडचे. इतिहासकार एक ढोबळ मांडणी देतात : शंभर जण घेतले तर ५१ मोहिमेवर मेले, ९ इंग्लंडमधल्याच अपघातांत मेले, ३ गंभीर जखमी, १२ युद्धकैदी, एखादा पाडला जाऊन शत्रूच्या हातून निसटला, आणि २४ धड राहिले. त्या ९ कडे फार कुणी बघत नाही. प्रशिक्षणात आणि इतर अपघातांत आठ हजारांहून जास्त पोरं गेली, बहुतेकांनी जर्मनी पाहिलाही नव्हता. थकलेली जुनी विमानं, इंग्लंडचं धुकं आणि रात्री नकाशा वाचायला शिकणारा विशीतला नॅव्हिगेटर. वेगळा शत्रू लागतच नव्हता.

सगळ्यात वाईट रात्र न्यूरेंबर्गची, ३० मार्च १९४४. ७९५ विमानं निघाली, ९५ परतली नाहीत. जवळपास बारा टक्के. आकाशात अर्धा चंद्र, वर ढग नाहीत, आणि आखलेला मार्ग अडीचशेहून जास्त मैल सरळ रेषेत, जर्मन नाइट फायटर जिथे घिरट्या घालत होते त्या रेडिओ बीकनच्या शेजारून. हवा अशी की एरवी खूप उंचावर उमटणारे बाष्पाचे पांढरे पट्टे त्या रात्री खालीच उमटले. प्रत्येक विमान स्वतःच्या मागे खूण सोडत चाललं होतं. पडली त्यातली बहुतेक विमानं शहरापर्यंत पोचण्याआधीच पडली. शहराचं नुकसान किरकोळ. बरेच बॉम्ब भलतीकडेच पडले.

त्याच रात्री हॅलिफॅक्स जातीच्या बॉम्बरचा पायलट सिरिल बार्टन याचं विमान लक्ष्याच्या अलीकडे चाळणी झालं. इंटरकॉम तुटला, खुणांचा गोंधळ झाला आणि नॅव्हिगेटर, बॉम्ब टाकणारा व वायरलेसवाला हे तिघं पॅराशूट घेऊन उतरून गेले. उरलेल्यांना घेऊन हा गडी नॅव्हिगेटरशिवाय पुढे गेला, बॉम्ब टाकले, परत इंग्लंडच्या किनाऱ्याला लागला आणि राईहोप इथे कोळसा खाणीपाशी विमान उतरवताना मेला. मागचे तिघे वाचले. त्याला मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हॅलिफॅक्सवरच्या माणसाला मिळालेला तेवढा एकच.

मला यात खुपतं ते वेगळंच. कमांड हिशोब करायची तो विमानांचा आणि रात्रीचा. चार टक्के विमानं कारखाने भरून काढत होते, चार टक्के माणसं प्रशिक्षण शाळा भरून काढत होत्या. १९४३-४४ च्या हिवाळाभर एवढं रक्त गेलं तरी वसंतात कमांडची ताकद आधीपेक्षा वाढलेलीच होती. म्हणजे मुख्यालयाच्या वहीत सगळं ठीकच होतं. तीसच्या घाताचा हिशोब फक्त त्या पोराचा होता, आणि तो भिंतीवरच्या तक्त्यावर कुठेच नव्हता.

नोव्हेंबर १९४३ मध्ये बॉम्बर कमांडचे प्रमुख सर आर्थर हॅरिस यांनी चर्चिलना कळवलं होतं की अमेरिकन साथीला आले तर बर्लिन या टोकापासून त्या टोकापर्यंत उद्ध्वस्त करू, ४०० ते ५०० विमानं जातील, पण जर्मनी युद्ध हरेल. मार्चअखेर एकट्या बर्लिनवरच्या हल्ल्यांत जवळपास पाचशे गेली होती. युद्ध आणखी वर्षभर चाललं.

या विषयावर कुणी वाचलं असेल, कुणी स्मारकं पाहिली असतील तर जरूर लिहा.

बोरकूट :
वाचतेय. पहिल्याच पोस्टला पोटात गोळा आला. एक बाळबोध प्रश्न, सर : विमानात पॅराशूट असायचीच ना? मग एवढे मरायचे कसे? पाडलं म्हणजे उडी मारायची, असं आपण सिनेमात बघतो.

निवृत्त_रिव्हेट :
बोरकूट ताई, प्रश्न बाळबोध नाही, नेमका आहे. आयुष्य विमानांच्या सांगाड्यात गेलं म्हणून उत्तर देतो.

लँकेस्टर म्हणजे सात जणांचं विमान. पुढे पायलट, फ्लाइट इंजिनियर, नॅव्हिगेटर, वायरलेस, नाकात बॉम्ब टाकणारा. पाठीवर एक तोफची आणि शेपटीत एक. बाहेर पडायची मुख्य झडप नाकाच्या तळाला. रुंदी २२ इंच. अंगावर जाड कपडे, पॅराशूट, विमान गोल गोल फिरत खाली चाललंय, काळोख, आग, आणि त्या भोकातून पाच जणांनी रांगेनं निसटायचं. त्यातून विमानाच्या पोटातून पंखांचा मुख्य दांडा आडवा जातो, तो ओलांडायला दिवसाउजेडीसुद्धा पाय वर घ्यावा लागतो.

पुढे मोठा भौतिकशास्त्रज्ञ झालेला फ्रीमन डायसन तेव्हा विशीचा होता आणि बॉम्बर कमांडच्या संशोधन विभागात आकडेमोड करत होता. तिथे आकडे असे निघाले : पाडल्या गेलेल्या अमेरिकन बॉम्बरमधले निम्मे लोक वाचायचे, हॅलिफॅक्स आणि स्टर्लिंगमधले पंचवीस टक्के, लँकेस्टरमधले फक्त पंधरा. अमेरिकन दिवसा जायचे हा एक फरक, मान्य. पण हॅलिफॅक्स आणि लँकेस्टर दोन्ही रात्रीचेच. हॅलिफॅक्सची झडप २४ इंचांची होती. दोन इंच! डायसनबरोबरचा एक सहकारी लँकेस्टरची झडप रुंद करा म्हणून मागे लागला होता. युद्ध संपत आलं तरी ती रुंद झाली नाही. आमच्या धंद्यात चुकीच्या रिव्हेटला नोकरी जाते, इथे चुकीच्या झडपेला कुणाला कारणे दाखवासुद्धा आली नसावी.

शेपटीतल्या गनरचं आणखी वेगळं. बुरुजात जागाच नसल्यानं त्याचं पॅराशूट त्याच्या पाठीमागे, विमानाच्या धडात टांगलेलं असे. आधी दार उघड, हात घालून ते काढ, अंगाला अडकव, बुरूज फिरव आणि मग पड. निकोलस अल्केमेड या गनरनं २४ मार्च १९४४ च्या रात्री बर्लिनहून परतताना दार उघडलं तर पॅराशूट जळत होतं. जळण्यापेक्षा पडून मरू म्हणून त्यानं तशीच उडी टाकली, १८,००० फुटांवरून. पाइनच्या फांद्या आणि खालचा बर्फ यांनी झेललं. पाय मुरगळण्यावर निभावलं! जर्मनांना आधी पटेना. मग त्यांनी विमानाचे अवशेष बघितले आणि पटलं. पण अशी गोष्ट एखादीच, म्हणून तर ती सांगितली जाते.

तिरकस_चहा :
धागा चांगला, पण खडूफळा सर, तुमची मांडणी जरा भडक वाटली. बॉम्बर कमांडची सगळ्या युद्धातली उड्डाणं ३,६४,५१४ आणि गेलेली विमानं ८,३२५. भागाकार करा, २.३ टक्के येतात. चार कुठून आणले? ०.९७७ चा तिसावा घात ०.५० आहे. म्हणजे निम्मे जगणार. एकोणतीस आणि पन्नास यांत फरक आहे.

खडूफळा :
तिरकस, तुम्ही दिलेले आकडे बरोबर आहेत आणि भागाकारही. पण त्या सरासरीत समुद्रात सुरुंग पेरायच्या मोहिमा आहेत, १९४४ च्या उन्हाळ्यातली फ्रान्सच्या किनाऱ्याजवळची दोन-तीन तासांची लक्ष्यं आहेत, १९४५ च्या वसंतात जर्मनांकडे पेट्रोल उरलं नव्हतं तेव्हाची उड्डाणंही आहेत. नोव्हेंबर १९४३ मध्ये जो पोरगा स्क्वाड्रनला रुजू झाला त्याच्या वाट्याला सरासरी येत नाही, त्याच्या वाट्याला बर्लिन येतं. फेब्रुवारीत लाइपझिग येतं, ८२३ पैकी ७८ गेली, साडेनऊ टक्के. मार्चच्या शेवटी न्यूरेंबर्ग.

आणि वरिष्ठांनीही तुमच्यासारखीच सरासरी लावून बघितली होती. १९४४ च्या वसंतात फ्रान्समधली लक्ष्यं सोपी म्हणून त्यांना टूरमध्ये एक तृतीयांश मोहीम धरायचं ठरलं. तीन वेळा गेलात तर एक मोजणार. मग ३ मेच्या रात्री मेली-ले-कां या फ्रान्समधल्या जर्मन छावणीवर हल्ला झाला. खुणेचे दिवे पडल्यावरही आत जायचा हुकूम वेळेत पोचेना, रेडिओवर दुसरंच काही लागलेलं, विमानं चांदण्यात घिरट्या घालत राहिली. ४२ लँकेस्टर गेल्या. त्या रात्री मेलेल्यांचा एक तृतीयांशच मृत्यू झाला असं काही कुणाला म्हणता येईना. तो नियम रद्द झाला.

तिरकस_चहा :
हे माहीत नव्हतं. एक तृतीयांश! कुठल्याही सरकारी खात्यात शोभेल. बरं, मग ते लाल ठिपक्यांचं विमान? परतलेल्या विमानांना जिथे गोळ्या लागल्या तिथे चिलखत लावायचं ठरलं, आणि एक शहाणा म्हणाला की जिथे ठिपके नाहीत तिथे लावा. दर सहा महिन्यांनी आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर येतं. खाली ‘यशाचे रहस्य’.

निवृत्त_रिव्हेट :
ते चित्र युद्धकाळातलं नाही, अलीकडे कुणी तरी समजावण्यासाठी काढलेलं आहे. माणूस मात्र खरा. अब्राहम वॉल्ड. ऑस्ट्रिया-हंगेरीत जन्मलेला ज्यू गणिती, नाझींमुळे १९३८ मध्ये अमेरिकेला आला, मागे राहिलेलं बहुतेक कुटुंब छळछावण्यांत संपलं. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्र गटात १९४३ मध्ये त्यानं या विषयावर आठ टिपणं लिहिली. त्यांत ठिपके नाहीत, नुसती समीकरणं. त्याचं उदाहरण घ्या : ४०० विमानं गेली, ३८० आली. आलेल्यांत ३२० ना एकही गोळी नाही, ३२ ना एक, २० ना दोन, ४ ना तीन, २ ना चार, २ ना पाच. गेलेली २० आपल्यासमोर नाहीत. आता सांगा, एक गोळी लागली तर विमान पडायची शक्यता किती? दुसरी लागली तर किती? न दिसणाऱ्या वीस विमानांबद्दल दिसणाऱ्या ३८० कडून जेवढं काढता येईल तेवढं त्यानं काढून दाखवलं. ‘यशाचे रहस्य’ वगैरे त्याच्या डोक्यातही नसणार. इंजिनाला लागलेली गोळी आणि विमानाच्या धडाला लागलेली गोळी यांची किंमत वेगळी कशी काढायची, एवढाच त्याचा प्रश्न.

हा वॉल्ड आपल्याकडे येऊन गेला, म्हणजे परत गेलाच नाही. डिसेंबर १९५० मध्ये भारतात व्याख्यानांसाठी आला होता, पत्नी बरोबर होती. मुंबईहून दक्षिणेकडे निघालेलं एअर इंडियाचं डकोटा निलगिरीत कोटागिरीजवळ डोंगरावर आदळलं. कुणी वाचलं नाही.

बोरकूट :
आजोबा, हे वाचून काही सुचेना. धन्यवाद तरी कसं म्हणू.

सोनटक्का :
+१. मी अमेरिकनांबद्दल थोडं टाकतो. आठव्या हवाईदलाचा विश्वास असा की बी-१७ विमानं दाट रचनेत उडाली तर एकमेकांच्या मशिनगनांनी स्वतःचा बचाव करतील, साथीला फायटर नसले तरी चालतील. १७ ऑगस्ट १९४३ ला श्वाइनफर्टचे बॉल बेअरिंगचे कारखाने आणि रेगेन्सबुर्गचा विमान कारखाना अशी दुहेरी मोहीम काढली. ३७६ गेली, ६० पडली. शहाणपण यायला हवं होतं. १४ ऑक्टोबरला पुन्हा श्वाइनफर्ट. २९१ गेली, पुन्हा ६०. एका दुपारी सहाशे माणसं, कारण दर विमानात दहा. वीस टक्के! खडूफळा सरांचं सूत्र लावलं तर २५ मोहिमांच्या टूरमध्ये जगणारे... मी काढलं आणि खोडलं.

त्यानंतर जर्मनीत खोलवर साथीशिवाय जाणं थांबलं. मस्टँग फायटरना जादा टाक्या लावून बर्लिनपर्यंत नेता येऊ लागलं तेव्हा चित्र पालटलं. तोवर गेलेले गेले. आठव्या हवाईदलाचे एकूण मृत २६,००० च्या वर.

खडूफळा :
सोनटक्का, अमेरिकनांना निदान दिसत होतं कोण मारतंय ते. रात्रीवाल्यांना तेही नाही. १९४३ च्या उन्हाळ्यापासून जर्मनांनी नाइट फायटरच्या पाठीवर तिरक्या, वर रोखलेल्या तोफा बसवल्या. बॉम्बरच्या पोटाखाली यायचं, अंधारात मिसळून जायचं, आणि पंखातल्या पेट्रोलच्या टाकीवर नेम धरायचा. पोटात बॉम्ब असल्यानं तिथे मारलं तर स्वतःही जायचं, म्हणून पंख. लँकेस्टरला खाली बघायला बुरूज नव्हता. तोफांत चमकणाऱ्या गोळ्या मुद्दाम घालत नसत, त्यामुळे शेजारच्या विमानालाही कळत नसे. त्यांना एवढंच दिसे की बाजूचं विमान एकदम पेटलं.

नव्यांना सांगितलं जाई की पहिल्या काही मोहिमा सांभाळा, मग अनुभवानं धोका कमी होतो. सुरुवातीच्या वर्षांत ते खरं होतं. वर उल्लेख आलेल्या डायसननं १९४४ मध्ये आकडे तपासले तर अनुभवी आणि नवखे सारख्याच प्रमाणात पडत होते. न दिसणाऱ्या शत्रूपुढे अनुभव काय करणार? ती आकडेवारी वैमानिकांपर्यंत पोचली नाही.

आणखी एक. आकाशात कधी कधी प्रचंड स्फोट दिसायचे. क्रूंमध्ये समज असा की जर्मन ‘बुजगावणं’ नावाचे गोळे उडवतात, विमान फुटल्यासारखं दिसावं म्हणून, घाबरवायला. ब्रीफिंगमध्येही हेच सांगितलं जाई. युद्धानंतर जर्मनांकडे असा गोळा असल्याचा काही पुरावा सापडला नाही. ती खरीच विमानं होती.

लोहगाव_फाटा :
सर, रडारचं पण लिहा ना. शेपटीत लावलेला मोनिका.

खडूफळा :
तुम्हीच सुरुवात केलीत तर पुरं करतो. मागून कुणी येतंय का हे सांगायला शेपटीत मोनिका नावाचा छोटा रडार बसवला. जर्मनांनी त्याच्याच लहरींचा माग काढणारं उपकरण बनवलं. म्हणजे धोक्याची सूचना देणारं यंत्र रात्रभर ‘मी इथे आहे’ सांगत होतं. हे ब्रिटिशांना कळलं ते जुलै १९४४ मध्ये, एक जर्मन युंकर्स-८८ रस्ता चुकून इंग्लंडमध्ये वुडब्रिजच्या धावपट्टीवर अलगद उतरलं तेव्हा. सगळी उपकरणं शाबूत हातात आली. मोनिका काढून टाकले.

हेमाडपंथी :
सगळं वाचलं. माहिती उत्तम, पण मला एक खटकतंय ते स्पष्ट लिहितो. इथे झडपेचे इंच मोजले जातायत. खाली जे होते त्यांचं काय? जुलै १९४३ मध्ये हॅम्बर्गला आगीचं वादळ उठलं, आठवड्याभरात पस्तीस-चाळीस हजार माणसं गेली, बायका-मुलं-म्हातारे. तिथे ब्रिटिशांनी पहिल्यांदा ॲल्युमिनियमच्या पट्ट्या उधळून जर्मन रडार आंधळा केला. पहिल्या रात्री ७९१ पैकी फक्त १२ विमानं गेली. म्हणजे वरच्यांची हानी कमी झाली तो आठवडा खालच्यांना सगळ्यात महाग पडला. त्याच वर्षी, त्याच सरकारच्या राज्यात बंगालमध्ये माणसं रस्त्यावर भुकेनं मरत होती आणि जहाजं नाहीत म्हणून सांगितलं जात होतं. आपण कुणासाठी हळहळायचं हे आपण ठरवावं, ब्रिटिश स्मारकांनी नाही.

खडूफळा :
हेमाडपंथी, मुद्दा रास्त आहे आणि धाग्यात तो यायलाच हवा होता. १४ फेब्रुवारी १९४२ चा लेखी आदेश स्पष्ट आहे : लक्ष्य शत्रूच्या नागरी लोकांचं, विशेषतः औद्योगिक कामगारांचं मनोधैर्य. ‘चुकून घरांवर पडले’ ही सबब तिथेच संपते. आणि हॅम्बर्गबद्दल तुम्ही लिहिलंत ते आकड्यांसकट खरं आहे.

मला दोन्ही हिशोब एकाच वहीत लिहायचे आहेत. वीस वर्षांच्या पोरानं तो आदेश लिहिला नव्हता, पण खाली काय आहे हे त्याला ठाऊक होतं. अनेकांनी म्हातारपणी ते बोलून दाखवलं. ज्याला सहन झालं नाही आणि जायला नकार दिला त्याच्या कागदावर ‘नैतिक बळाचा अभाव’ असा शिक्का मारत. छातीवरचा पंखांचा बिल्ला काढून घ्यायचे, हुद्दा जायचा, रातोरात दुसऱ्या तळावर पाठवायचे, इतरांना लागण नको म्हणून. पंचवीस मोहिमा केलेल्यालाही हा शिक्का बसल्याची उदाहरणं आहेत.

ज्यांनी धोरण आखलं त्यांनी नंतर हात कसे झटकले तेही बघा. ड्रेस्डेन शहरावरच्या बॉम्बहल्ल्यानंतर मार्च १९४५ मध्ये चर्चिलनी स्वतःच अशा बॉम्बफेकीवर प्रश्न उभा करणारं टिपण लिहिलं. कमांडला वेगळं मोहीमपदक मिळालं नाही. लंडनच्या ग्रीन पार्कमधलं स्मारक व्हायला २०१२ उजाडलं, पदकाच्या फितीवर लावायची पट्टी २०१३ मध्ये आली. तोवर बहुतेक जण गेले होते.

हेमाडपंथी :
‘एकाच वहीत’ मान्य. बंगालवर स्वतंत्र धागा काढतो.

तिरकस_चहा :
काढाच. तिथे भेटू, तलवारी घासून.

आल्मेरकर :
नेदरलँड्समधून लिहितोय. इंग्लंडहून बर्लिन किंवा ऱ्हूरकडे जायचा हवाई रस्ता आमच्या डोक्यावरून होता, त्यामुळे इथे जमिनीत आणि पाण्यात विमानं पुरलेली आहेत. समुद्र हटवून पोल्डर केले तेव्हा शेतात विमानं वर आली. अजूनही सरकार सांगाड्यांत माणसं असण्याची शक्यता असलेली विमानं क्रमानं बाहेर काढतं. २०२० मध्ये मार्करमेर सरोवरातून स्टर्लिंग बीके ७१६ काढलं, मार्च १९४३ मध्ये बर्लिनहून परतताना पडलेलं. सात जण. गाळ चाळून मिळेल तो तुकडा वेगळा केला. आल्मेरला त्यांचं स्मारक आहे.

एक गोष्ट इथल्या माणसांची आवडते. छोट्या गावांच्या दफनभूमीत चार-सहा पांढरे दगड हमखास दिसतात, सगळ्यांवर एकच तारीख, म्हणजे एक विमान. ४ मेला शाळेची मुलं तिथे फुलं ठेवतात.

आणि बेपत्ता हा शब्द घरच्यांना किती छळत असेल. युद्ध संपलं तेव्हा ब्रिटिश हवाईदलाचे चाळीस हजारांहून जास्त लोक नुसते ‘बेपत्ता’ होते. त्यांच्यासाठी शोधपथकं केली, ती गावोगाव फिरली, पाद्र्यांना, शेतकऱ्यांना विचारत, थडगी उघडून लॉन्ड्रीच्या खुणा आणि बुटांचे माप बघत. बऱ्याच जणांची ओळख पटली. उरले त्यांची नावं लंडनजवळ रनिमीडच्या भिंतींवर आहेत, वीस हजारांच्या वर.

बोरकूट :
आणि तळावर? म्हणजे संध्याकाळी सोबत जेवलेला माणूस सकाळी नाही, तर खोलीत काय करायचे?

आल्मेरकर :
त्यासाठी वेगळी माणसं नेमलेली असत. झोपडीतले बाकीचे उठायच्या आत खाटेखालची पेटी उचलायची, घरी पाठवायचं सामान वेगळं काढायचं, आई-बायकोला वाईट वाटेल असं पत्र किंवा फोटो असला तर बाजूला करायचा. दुपारपर्यंत नवा क्रू त्याच खाटांवर.

लोहगाव_फाटा :
युरोप झालं, आता आपल्या अंगणातलं. बंगालमधल्या दिग्री, सालबोनीसारख्या तळांवरून ब्रिटिशांची लिबरेटर विमानं ब्रह्मदेश, सयाम, पार मलायापर्यंत जायची. पेनांगच्या बंदरात सुरुंग टाकून परत म्हणजे तीन हजार मैल, अठरा तासांच्या आसपास हवेत. तिथे जर्मनीसारखे नाइट फायटर नव्हते. मारायचा तो पावसाळा. पावसाळी ढगात शिरलेलं विमान पंख गमावून बाहेर पडायचं, किंवा पडायचंच नाही. त्या बेपत्तांची नावं सिंगापूरला क्रांजीच्या स्मारकावर आहेत.

अमेरिकनांची आसाम-चीन वाहतूक हा आणखी मोठा विषय. २५ जानेवारी १९४४ ला कुनमिंगहून चाबुआकडे येणारं एक बी-२४ अरुणाचलच्या डोंगरात हरवलं, आठ जण होते. २००६ मध्ये अवशेष सापडले, अवशेषांतल्या माणसांचं परत जाणं व्हायला २०१६ आलं.

आता पुण्याचं. युद्ध संपल्यावर उसनवारीच्या करारातली लिबरेटर विमानं कानपूरच्या चकेरीला निकामी करून टाकून दिली होती. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या लोकांनी त्या ढिगातून धड भाग निवडून सुमारे चाळीस विमानं पुन्हा उडती केली. नोव्हेंबर १९४८ मध्ये त्यांच्यावर आपली ५ नंबरची स्क्वाड्रन उभी राहिली. ६ नंबरची स्क्वाड्रन सागरी टेहळणीसाठी ती १९६८ पर्यंत वापरत होती, आणि तिचा तळ आमचा लोहगाव. आज जगात जी मूठभर लिबरेटर संग्रहालयांत उभी आहेत, त्यांतली बरीचशी आपल्या हवाईदलाकडून गेलेली. एक तर १९६९ मध्ये पुण्याहून स्वतःच्या इंजिनांवर ॲरिझोनात टूसॉनला गेलं. अमेरिकेनं हजारो वितळवून भांडी केली आणि शेवटी आमच्याकडे मागायला आले. पुणेकर म्हणून एवढा अभिमान चालवून घ्या.

निवृत्त_रिव्हेट :
चालवून घेतला. निकामी केलेल्या ढिगातून ते काम ज्यांनी केलं त्यांना खरोखर दंडवत. नकाशे नाहीत, सुटे भाग नाहीत.

सोनटक्का :
भारतीय कुणी बॉम्बर कमांडमध्ये होतं का? फायटरवाल्या शीख वैमानिकांचे फोटो दिसतात, बॉम्बरवर कुणी ऐकलं नाही.

खडूफळा :
होते, आणि आडनाव ऐकून खुर्चीत सरसावून बसाल. शैलेंद्र एकनाथ सुखटणकर. नॅव्हिगेटर, ८३ स्क्वाड्रन, म्हणजे पाथफाइंडर दल. सगळ्यांच्या पुढे जाऊन लक्ष्यावर रंगीत खुणा टाकायच्या, मागून येणारे शेकडो त्या खुणांवर बॉम्ब टाकणार. या दलात नॅव्हिगेटरची चूक म्हणजे सगळ्यांची चूक. त्यांनी ४५ मोहिमा पुऱ्या केल्या आणि त्यांना डीएफसी हे शौर्यपदक मिळालं. तिरकसांच्या २.३ टक्क्यांनी काढलं तरी ४५ मोहिमांतून वाचायची शक्यता साधारण पस्तीस टक्के येते.

त्यांच्या मोहिमांतल्या काही ज्या लँकेस्टरमधून झाल्या ती अजून आहे. आर ५८६८. लंडनला हेंडनच्या हवाईदल संग्रहालयात उभी आहे, तिकीट नाही. नाकावर सव्वाशेहून जास्त मोहिमांच्या पिवळ्या खुणा रंगवलेल्या आणि खाली जर्मन हवाईदलप्रमुख गोरिंगची फुशारकी, की शत्रूचं एकही विमान जर्मनीवर उडणार नाही.

तिरकस_चहा :
पुढच्या महिन्यात लेकीकडे लंडनला चाललोय. हेंडन नक्की. शेवटचा खोडसाळ प्रश्न : तुम्ही ५५,५७३ म्हणता, लिंकनच्या बॉम्बर कमांड स्मृतिकेंद्रातल्या भिंतींवर जवळपास ५८,००० नावं आहेत असं वाचलं. कुठला आकडा धरायचा?

खडूफळा :
दोन्ही बरोबर आहेत, मोजलंय वेगळं. ५५,५७३ हे विमानातून जाणारे. लिंकनच्या भिंतींवर जमिनीवर काम करताना मेलेले मेकॅनिक, बॉम्ब चढवताना स्फोटात गेलेले, महिला दलातल्या मुली, असे सगळे आहेत. नाव शोधायचं असेल तर त्यांची सूची जालावर खुली आहे. स्क्वाड्रन, तारीख, विमान, कशावरही शोधता येतं. लंडनहून लिंकन रेल्वेनं एका दिवसात जाऊन येता येतं. लेकीला आधी सांगा, तिथे वेळ लागतो.